रविवारची गाडी, सोमवारची गाडी

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, आग्नेयेच्या अंगाला, गिप्सलँड नावाचा कुरणांचा आणि दुभत्या जनावरांचा मुलूख आहे. १९३० नंतरच्या मंदीच्या दिवसांत तेथील एका शेतकऱ्याच्या पत्नीने फोर्ड कंपनीच्या गिलाँग येथील कारखान्याला एक पत्र धाडले, अशी हकीकत त्या देशात मोठ्या आवडीने सांगितली जाते. बाईंचे मागणे साधे होते. रविवारी प्रार्थनेला जाताना अंगावरचे कपडे भिजू नयेत आणि सोमवारी त्याच गाडीतून डुकरे बाजारात नेता यावीत, अशी एखादी गाडी कंपनी का करीत नाही? दोन गाड्या बाळगण्याची त्या घराची ऐपत नव्हती. कारखान्यातील लुईस बँड्ट या तरुण आराखडाकाराकडे हे काम आले. त्याने मोटारीची बंद बैठक आणि मागचा उघडा हौदा एकाच सलग अंगात बसवून दाखवला. १९३४ साली ती गाडी बाजारात आली आणि 'यूट' या आटोपशीर नावाने सगळ्या ऑस्ट्रेलियाच्या तोंडी बसली.

पाठीमागे हौदा असलेली मोटार त्याआधी नव्हती असे नाही. अमेरिकेत फोर्डनेच १९२५ साली आपल्या प्रसिद्ध मॉडेल टी गाडीला कारखान्यातच हौदा जोडून ती २८१ डॉलरला विकायला काढली होती. परंतु त्या गाडीचा रोख मालावर होता. माणसाने कसेबसे बसावे आणि हाकावी. गिप्सलँडच्या बाईंनी मागितले ते निराळे. एकाच वाहनाने दोन प्रकारचे आयुष्य सांभाळावे, हे ते मागणे होते, आणि आज ज्याला मध्यम आकाराचा पिकअप ट्रक म्हणतात त्याच्या ग्राहकाचे मागणेही नेमके हेच आहे. फरक पडला आहे तो वारांत. त्या बाईंचा सोमवार कष्टाचा होता आणि रविवार सुखाचा. आजचा ग्राहक सोमवारी वातानुकूलित बैठकीत बसून कचेरी गाठू पाहतो, आणि रविवारी चिखल, दगड, ओढे शोधीत जातो. कष्ट सुट्टीच्या दिवसावर आले, आणि गाडी निवडण्याचे सारे कोडे या अदलाबदलीतून उभे राहिले आहे.

मध्यम आकार म्हणजे किती, हे देशाप्रमाणे बदलते. अमेरिकेत फोर्डची एफ-१५० ही पूर्ण आकाराची गाडी समजली जाते. तिची चार दारांची नेहमीची आवृत्ती सुमारे ५.९ मीटर लांब भरते. तिच्या शेजारी ५.३ मीटरची गाडी मध्यम वाटणारच. भारतात मात्र २००६ च्या अंदाजपत्रकाने ४ मीटरच्या आतील लहान मोटारींना उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि तेव्हापासून आपल्या रस्त्यांवरच्या बहुसंख्य मोटारी त्या मापात स्वतःला आखडून घेऊन बसल्या. त्यांच्यामध्ये ५.३ मीटरची गाडी उभी केली की मध्यम हा शब्द चेष्टेचा वाटू लागतो.

या जातीच्या गाड्या आपल्या देशाला अगदीच परक्या नाहीत. १९८८ साली पुण्याच्या टेल्को कारखान्यातून टाटामोबाइल २०६ बाहेर पडली, ती पिकअपच होती. पुढे १९९१ साली आलेल्या सिएरा या मोटारीचा पाया तिच्यावरच रचला गेला. तथापि या गाड्यांकडे दुकानदार, ठेकेदार आणि बागाईतदार हेच गिऱ्हाईक म्हणून पाहत. घरची गाडी म्हणून पिकअप घ्यावी, तिने मुलांना शाळेत सोडावे आणि तीच घेऊन लडाखलाही जावे, ही कल्पना रुजली ती इसुझू कंपनीने २०१६ साली आंध्र प्रदेशातील श्रीसिटी येथे कारखाना उघडून डी-मॅक्स व्ही-क्रॉस ही गाडी आणल्यावर. टोयोटाची हायलक्स जपानात १९६८ साली जन्मली आणि अर्ध्या जगाच्या खडबडीत वाटा तुडवून २०२२ साली भारतात दाखल झाली. या दोन गाड्यांभोवतीच अशा ग्राहकाचे मन येथे घोटाळत राहिले आहे.

आता समजा, पुण्याच्या कोथरूड भागात राहणारा एक अभियंता आहे. कचेरी हिंजवडीला. भोर तालुक्यात वडिलोपार्जित शेत. थोडी भातखाचरे, थोडा आंबा, आणि तेथे वृद्ध आई. डांबरी सडकेपासून शेतघरापर्यंत ३ किलोमीटरची पाणंद आहे, मध्ये एक ओढा आहे. या गृहस्थाच्या मनात पिकअप भरली आहे. दुकानात जाण्यापूर्वी त्याने एक हिशेब कागदावर मांडावा. कचेरीचे दिवस वर्षाकाठी २४०, जाऊनयेऊन ३५ किलोमीटर, झाले ८,४००. शेताच्या फेऱ्या ४०, प्रत्येकी १२०, झाले ४,८००. एकूण १३,२०० किलोमीटर. यात पाणंदीचे अंतर किती? जातायेता ६ प्रमाणे ४० फेऱ्यांचे २४०. म्हणजे शंभरातले दोन किलोमीटरही डांबराबाहेरचे नाहीत; आणि त्यातही खऱ्या चिखलाच्या फेऱ्या पावसाळ्यातल्या दहापंधराच.

हा आकडा पाहून पुष्कळ शहाणी माणसे पिकअपचा नाद सोडा म्हणून सल्ला देतील. तो सल्ला अर्धाच खरा आहे. अठ्ठ्याण्णव किलोमीटर माणसाचे रोजचे सुखदुःख ठरवतात, हे कबूल. पण आजारी आईपर्यंत आषाढातल्या रात्री पोचता येते की नाही, हे उरलेल्या दोन किलोमीटरांवर ठरते. म्हणून टक्केवारीवर न थांबता पुढचा प्रश्न विचारला पाहिजे: त्या दोन किलोमीटरांत अडचण नेमकी कशाची आहे? चिखलाची, चढाची, दगडांची, पाण्याची की ओझ्याची? प्रत्येक अडचणीवर गाडीचा निराळा अवयव उपयोगी पडतो, आणि दुकानातला विक्रेता सगळ्या अवयवांचे पैसे एकत्रच मागतो.

पिकअपचा मूळ अवयव म्हणजे तिची चासी. साध्या मोटारीचे अंग आणि सांगाडा एकजीव असतात. अंड्याच्या कवचासारखी ती सगळ्या बाजूंनी मिळून भार पेलते. पिकअपला खाली शिडीच्या आकाराचा पोलादी सांगाडा असतो. दोन लांब तुळया, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, आणि त्यावर रबरी बैठकांवर ठेवून बोल्टांनी आवळलेली बसण्याची खोली व हौदा. एक चाक खड्ड्यात आणि तिरप्या बाजूचे दुसरे दगडावर, अशी अवस्था झाली की सारा पीळ ती शिडी सोसते. ओझे वाहण्याला आणि पीळ सोसण्याला हा बांधा फार चांगला. परंतु शिडीला वजन असते. हायलक्ससारखी गाडी रिकामीच २ टनांच्या वर भरते, आणि रोजच्या रहदारीत प्रत्येक वेळी थांबताना व सुटताना ते वजन इंधनात आणि ब्रेकमध्ये मोजून द्यावे लागते.

दुसरा अवयव मागचे पाटे. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची ही कमान ट्रकलाही असते. ती बनवलेली असते हौद्यात भार असेल असे धरून. रिकामी बैलगाडी भरलेल्या गाडीपेक्षा जास्त खडखडते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला पिकअपचा स्वभाव समजावून सांगावा लागत नाही. हौदा रिकामा असला की गतिरोधकावरून मागचा भाग उडी मारतो, मागच्या आसनावरील माणसाचा मणका ती उडी नोंदवून घेतो, आणि ओल्या रस्त्यावर हलकी झालेली मागची चाके घसरायला उत्सुक असतात. चार पोती खत टाकले की तीच गाडी शहाण्यासारखी चालू लागते. काही चालक पावसाळ्यात मुद्दाम हौद्यात वजन ठेवतात. ते घट्ट बांधलेले नसेल तर मात्र धडकेच्या वेळी पाठीमागून आलेला तोफगोळाच समजावा.

भार आणि बैठकीचे सुख यांतला हा झगडा अमेरिकेतील कारखानदारांनी निरनिराळ्या तऱ्हांनी सोडवून पाहिला आहे, आणि त्या गाड्या भारतात मिळत नसल्या तरी विचाराला उपयोगी पडतात. होंडाने २००५ साली रिजलाइन आणली. तिने शिडी टाकूनच दिली, मोटारीसारखे एकजीव अंग घेतले, मागच्या दोन चाकांना एकमेकांपासून स्वतंत्र निलंबन दिले. हौद्याच्या तळाखाली कुलूपबंद पेटीसुद्धा बसवली. रस्त्यावर ती मोटारीसारखी चालते. पण चढ-उतारावर रांगण्यासाठी लागणारा खालचा गिअर तिला नाही. दुसऱ्या टोकाला २०१९ साली आलेली जीप ग्लॅडिएटर आहे. तिचा पुढचा आणि मागचा, दोन्ही आस अखंड आहेत. दगडांच्या राशीवर तिची चाके जमीन सोडीत नाहीत, आणि महामार्गावर ती चालकाला स्वस्थ बसू देत नाही. टोयोटाच्या टॅकोमाने मधला मार्ग धरला. २०२४ च्या नमुन्यापासून तिच्या बहुतेक प्रकारांत मागचे पाटे जाऊन वेटोळ्याच्या स्प्रिंगा आल्या. रिजलाइनला तेथील मर्दानी मंडळी खरा ट्रक मानीत नाहीत. वस्तुतः ती घेऊ शकणाऱ्या बहुसंख्य ग्राहकांच्या वर्षभराच्या कामाला तीच पुरून उरली असती. पण गाडी घेताना माणूस कामाबरोबर स्वतःचे एक चित्रही विकत घेतो, आणि चित्राची किंमत हप्त्यांत मिसळलेली असते.

कोथरूडच्या गृहस्थापुढे ही निवड नाही. त्याला शिडी आणि पाटेच घ्यायचे आहेत. तेव्हा त्यांच्यासह शहरात कसे राहायचे ते पाहू. लांबीचा प्रश्न पहिला. मुंबईच्या विकास नियमावलीत वाहनतळाची मोठी जागा ५.५ बाय २.५ मीटर आणि लहान जागा ४.५ बाय २.३ मीटर धरली आहे. हायलक्सची लांबी ५.३२५ मीटर आणि रुंदी १.८५५ मीटर. मोठ्या जागेत ती जेमतेम मावते. लहान जागेत उभी केली तर पाऊण मीटरहून अधिक हौदा शेजाऱ्याच्या वाटेवर येतो, आणि सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभेत तेवढा विषय एका वर्षाला पुरतो. दोन आसांमधले अंतरही ३ मीटरवर असल्यामुळे अरुंद गल्लीत गाडी एका दमात वळत नाही. ज्याला जुन्या पेठांतून रोज जावे लागते त्याने एवढ्यावरच विचार बदलला तर त्याला दोष देता येणार नाही.

इंजिनाचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि दुकानात त्याची वाच्यता सहसा होत नाही. हायलक्सचे २.८ लिटरचे डिझेल इंजिन २०४ अश्वशक्ती देते, आणि आपोआप गिअर बदलणाऱ्या आवृत्तीत ५०० न्यूटन-मीटर पीळ, इसुझूचे १.९ लिटरचे इंजिन १६३ अश्वशक्ती आणि ३६० न्यूटन-मीटर. कामाला दोन्ही पुरेशी. परंतु १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांमुळे डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी आली. साचलेली काजळी गाळणी आपल्याच उष्णतेने जाळून टाकते; मात्र त्यासाठी गाडी बराच वेळ, बऱ्या वेगाने चालावी लागते. हिंजवडीच्या वाटेवर तासभर सरपटणाऱ्या गाडीला ती उष्णता मिळत नाही. काजळी साचते, दर्शक फलकावर दिवा लागतो, आणि चालकाने दुर्लक्ष केले तर खर्च मोठा येतो. आठवड्याच्या शेवटी भोरच्या मोकळ्या सडकेवर होणारी फेरी येथे औषधासारखी लागू पडते. ज्याला अशी फेरीच नाही, ज्याचे सारे आयुष्य शहरातल्या चार-सहा किलोमीटरांत जाते, त्याने मोठ्या डिझेल गाडीच्या वाटेस जाऊ नये हे उत्तम.

आता पाणंद. येथे पहिली गोष्ट चार चाकांची. साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोन चाकांकडे जाते, आणि मधला डिफरन्शियल ती ताकद ज्या चाकाला फिरणे सोपे त्याच्याकडे जाऊ देतो. डांबरावर वळताना हे आवश्यक असते. चिखलात मात्र एक चाक रुतले की तेच गरगरत राहते आणि कोरड्या मुरमावर टेकलेले दुसरे चाक स्वस्थ उभे असते. चारही चाकांना ताकद देण्याची सोय येथे कामाला येते, आणि डिफरन्शियलला कुलूप घालण्याची सोय त्याहून अधिक. हायलक्सच्या मागच्या आसाला असे कुलूप आहे. या गाड्यांतील चार चाकांची जोडणी मात्र कोरड्या डांबरासाठी नाही. वळताना पुढची व मागची चाके निरनिराळे अंतर कापतात. दोन्ही आस एकमेकांना जखडलेले असले आणि खाली घसरायला चिखल नसला तर तो ताण दात्यांवर आणि आसांवर येतो. पावसाळी सडकेवर सुरक्षिततेसाठी म्हणून ही कळ फिरवून ठेवणारे चालक भेटतात. सुरक्षितता फारशी वाढत नाही. थांबण्याच्या कामी चारही चाकांना ब्रेक प्रत्येक गाडीत असतातच.

खालचा गिअर ही दुसरी सोय, आणि हौशी मंडळी तिचे महत्त्व कमी समजतात. या गिअरात इंजिनाचा पीळ साधारण अडीचपट होऊन चाकांपर्यंत पोचतो आणि गाडी माणसाच्या चालीने चढते वा उतरते. ओढ्याच्या कडेचा निसरडा उतार ब्रेकवर पाय न ठेवता, इंजिनाच्या आवरावर, उतरता येतो. ज्याच्या वाटेवर असा चढ-उतार आहे त्याने ही सोय सोडू नये. ज्याची वाट सपाट आहे, केवळ खडबडीत आहे, त्याला इसुझूने दिलेली दोन चाकांच्या ताकदीची स्वस्त आवृत्तीही चालून जाईल.

पण चिखलाची परीक्षा अखेर टायर देतात. महाराष्ट्रात काळी माती आहे, आणि काळ्या मातीसारखी चिकट वस्तू क्वचित असेल. ती टायरच्या नक्षीत भरून बसते आणि दोन मिनिटांत चाक गुळगुळीत मडक्यासारखे होते. मग चार चाकांची ताकद चार मडकी फिरवीत बसते. खोल खाचांचे चिखली टायर फिरता फिरता माती झटकून टाकतात. त्यांची शिक्षा उरलेल्या १३ हजार किलोमीटरांत मिळते: महामार्गावर अखंड घरघर, ओल्या डांबरावर लांबलेला ब्रेक, लवकर झीज. मुरूम आणि तांबडी माती असलेल्या भागात मध्यम नक्षीचे, दोन्ही जमिनींवर चालणारे टायर पुरतात, आणि कोथरूडच्या गृहस्थाला तेच घेणे शहाणपणाचे. टायरमधली हवा कमी करून मऊ जमिनीवर त्याचा तळवा पसरवण्याची युक्ती फुकटची आहे आणि वाळूत तर ती महागड्या यंत्रापेक्षा गुणकारी ठरते. फक्त डांबरावर परतण्यापूर्वी पुन्हा भरायला हवेचा छोटा पंप जवळ हवा.

पाणंदीत बैलगाड्यांनी आणि ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्या असतात व मध्ये उंचवटा राहतो. पिकअपचे पोट जमिनीपासून वीतभर उंच असले तरी मागच्या आसाचा गोळा त्याहून खाली लोंबतो, आणि लांब गाडी मधल्या उंचवट्यावर कासवासारखी टेकण्याची भीती असते. नाकाचीही गोष्ट आहे. हायलक्सचे नाक २९ अंशांचा चढ जमिनीला न लागता घेते, शेपूट २६ अंशांचा. मारुतीची पाच दारांची जिमनी २०२३ साली आली. तिची लांबी ४ मीटरच्या आत, आणि नाक ३६ अंशांचे. निव्वळ अवघड जागी शिरण्याचाच छंद असेल तर ही धाकटी गाडी थोरलीला लाजवील. तिच्यात आंब्याच्या पेट्या मावत नाहीत, एवढेच. पिकअप घेण्याचे खरे कारण हौदा आहे. हौद्याचे काम नसेल तर पिकअपचे समर्थन करणे कठीण.

हौद्याविषयीही दोन शब्द हवेत. ५ फूट लांब, ५ फूट रुंद आणि दीड फूट खोल अशा हौद्यात जवळजवळ १ घनमीटर माल राहतो. ओल्या वाळूने तो काठोकाठ भरला तर वजन पावणेदोन टनांच्या वर जाईल. गाडीची परवानगी त्याच्या जवळपासही नसते. कागदपत्रांत लिहिलेल्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करावे, मग बसणाऱ्या माणसांचे वजा करावे; उरेल तेवढाच भार. डोळ्यांना दिसणारी पोकळी हे माप नव्हे. आणि हौद्यात माणसे बसवू नयेत. लग्नाच्या वऱ्हाडापासून शाळेच्या पोरांपर्यंत सगळ्यांना पिकअपच्या हौद्यात उभे राहून जाताना आपण पाहतो. कायद्याला ते मान्य नाही, आणि वळणावर शरीरालाही ते मान्य होत नाही. गाडीची उंची हेही एक कारण. २०१६ साली स्वीडनमधील एका मोटार नियतकालिकाने अचानक आडव्या आलेल्या प्राण्याला चुकवण्याची चाचणी घेतली, तेव्हा हायलक्स दोन चाकांवर उचलली गेली. कंपनीने पुढच्या वर्षी सुधारणा करून ती चाचणी पार पाडली. उंच बसलेला चालक दूरवर पाहतो आणि स्वतःला सुरक्षित समजतो. वळण घेताना मात्र तीच उंची त्याच्या विरुद्ध काम करते.

ओढ्याकडे येताना तर आकड्यांची भाषा फार जपून वाचली पाहिजे. हायलक्स ७०० मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते, असे कंपनी सांगते. म्हणजे २ फुटांहून थोडे अधिक. हा आकडा स्थिर पाण्याचा आहे, तळ घट्ट असलेल्या पाण्याचा आहे. इंजिनात पाणी ओढले जाऊ नये म्हणून हवा घेण्याचे तोंड किती उंचीवर आहे, याचा तो आकडा. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा सांगते की २ फूट वाहते पाणी पिकअपसकट बहुतेक गाड्या वाहून नेऊ शकते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. गाडी जितकी उंच आणि बंदिस्त, तितकी ती पाण्यात होडीसारखी हलकी होते, आणि होडीला डिफरन्शियलच्या कुलपाचा उपयोग नसतो. दर पावसाळ्यात फरशी पुलांवरून वाहून गेलेल्या गाड्यांच्या बातम्या येतात. आषाढातल्या रात्री आईकडे निघालेल्या त्या गृहस्थाला पिकअपने दिलेली सर्वांत धोकादायक वस्तू म्हणजे आत्मविश्वास. ओढा गुडघ्यावर आणि वाहता असला तर गाडी अलीकडे ठेवून पाणी ओसरण्याची वाट पाहणे, किंवा पलीकडच्या माणसांना हाक देणे, एवढेच हाती उरते. त्या ३ किलोमीटरांवर छोटा साकव बांधून घेण्यासाठी पंचायतीकडे खेटे घालणे हे गाडीच्या निवडीइतकेच महत्त्वाचे काम आहे. किंबहुना थोडे अधिकच.

गाडी घेतल्यावर तिला नटवण्याचा मोह होतो. पुढचा पोलादी कठडा पहिला येतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने अशा कठड्यांवर कारवाई करण्यास राज्यांना सांगितले. पादचाऱ्याला तो कठडा जीवघेणा ठरतो, आणि धडकेचा जोर चुरगळून पचवण्याची गाडीची पुढची रचना तो निकामी करतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ नमुन्याशी विसंगत असे फेरफार गाडीत करता येणार नाहीत असा निर्वाळा दिला. तेव्हा उंची वाढवणे, अवाढव्य चाके घालणे या गोष्टींचे अंदाज खर्चात धरण्याऐवजी ते पैसे चांगल्या टायरांना आणि एखाद्या जाणत्याकडून चार दिवस शिकण्याला द्यावेत. शिकलेला चालक साध्या गाडीतून जेथे निघून जातो तेथे न शिकलेला महागडी गाडी रुतवून बसतो.

आणि चाके कोठे न्यावीत हाही प्रश्न आहेच. सह्याद्रीचे कातळसडे उन्हाळ्यात उजाड दिसतात. त्यावरची माती बोटभर जाडीची असते आणि तिच्यातच पावसाळी फुलांची सारी पुंजी साठलेली असते. कासचे पठार २०१२ पासून जागतिक वारशात गणले जाते ते त्या पुंजीमुळे. एका गाडीची चाकोरी तेथे पुढच्या कित्येक पावसाळ्यांत दिसत राहते. जुनी गाडीवाट, नदीकाठचा वहिवाटीचा रस्ता, स्वतःचे शेत, एवढ्या जागा हौस भागवायला थोड्या नाहीत.

निवडीची शेवटची पायरी म्हणजे परीक्षा. दुकानदार गाडी देतो ती रिकामी, गुळगुळीत रस्त्यावर, १० मिनिटांसाठी. त्यात फारसे कळत नाही. एक दिवसासाठी भाड्याने किंवा ओळखीने तीच गाडी मिळवावी, आणि ती जुलैत मिळवावी. सकाळी साडेनऊला हिंजवडीची वाट धरावी, संध्याकाळी स्वतःच्या वाहनतळात ती लावून पाहावी. दुसऱ्या दिवशी हौद्यात चार पोती टाकून भोर गाठावे. मागच्या आसनावर घरातल्या माणसांना बसवावे. मागे लगेच हौदा असल्यामुळे त्या आसनाची पाठ ताठ असते, आणि दोन तासांनी त्यांचे मत विचारावे. पाणंदीच्या शेवटी आईला गाडीत चढायला सांगावे. पायरी गुडघ्याच्या वर येते, हात धरायला कडी कोठे आहे, हे तिला चढताना पाहिल्यावाचून कळणार नाही. दवाखान्याची फेरी याच गाडीतून व्हायची आहे. परतताना तालुक्याच्या गावी टायरच्या दुकानापाशी थांबावे आणि या मापाचे टायर त्याच्याकडे असते का, नसल्यास किती दिवसांत येते, तेवढे विचारून घ्यावे.